यूट्यूबवरचा ब्रेड परभणीत दगड का होतो? दोष यीस्टचा नाही, घड्याळाचा आहे

मे महिना, परभणी, दुपारचे दोन. बाहेर पारा ४२ च्या पुढे गेलेला. व्हिडिओतल्या ताईंनी सांगितलं होतं, "पीठ मळून झाकून ठेवा आणि दीड तास विसरून जा." सांगितलं तसं केलं. दीड तासाने झाकण काढलं तर पीठ फुगून पुन्हा खाली बसलेलं, वर भोकंच भोकं आणि ताडीसारखा आंबूस वास. तसंच टिनमध्ये घालून भाजलं. बाहेर आली ती वीट.

तीच रेसिपी, तेच यीस्ट, तोच ओव्हन घेऊन जानेवारीत पुन्हा प्रयत्न केला. या वेळी दीड तासाने झाकण उघडलं तर पीठ जिथल्या तिथे, हललेलंसुद्धा नाही. भाजल्यावर पुन्हा वीटच.

अशा वेळी घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक म्हणजे यीस्ट खराब निघालं, आणि दुसरं म्हणजे हे आपल्याला जमणारं काम नाही. लॉकडाऊनमध्ये हौसेने ओटीजी घेतलेल्या कितीतरी घरांत आज त्यावर टॉवेल आणि प्लास्टिकचे डबे ठेवलेले दिसतात, त्याचं कारण हेच दोन निष्कर्ष. खरं तर बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. रेसिपी २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते आणि तिच्यातलं पीठ आपल्या डब्यातलं नसतं, एवढीच गोम आहे.

फुगतं म्हणजे नेमकं काय होतं?

ब्रेड फुगायला दोन गोष्टी लागतात, हवा आणि ती हवा धरून ठेवणारा फुगा. हवा यीस्ट तयार करतं. यीस्ट ही जिवंत बुरशी आहे. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल सोडते. हे काम जिवंत पेशी करतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५० च्या दशकात दाखवायला सुरुवात केली. त्याआधी आणि त्यानंतरही लोक मिळेल त्या खमिरावर पाव करत होतेच. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा माडाची ताडी पिठात घालून पाव फुगवत. आपला 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला.

फुगा मात्र यीस्ट बनवत नाही. तो गव्हात असतो. त्याचं नाव ग्लुटेन.

ग्लुटेन म्हणजे काय हे मराठी घरात वेगळं सांगायची गरज नाही, कारण उन्हाळ्यात कुरडया करताना ते हाताला लागलेलं असतं. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, पिळून, गाळून जो पांढरा चीक काढतात तो म्हणजे स्टार्च. मागे उरलेल्या चोथ्यात कोंडा असतो, आणि बोटांना चिकटणारं, रबरासारखं ओढलं जाणारं जे काही असतं ते ग्लुटेन. काही घरांत त्याच चोथ्याच्या भुसवड्या घालतात. इटलीतल्या बोलोन्याच्या बेकारी नावाच्या शास्त्रज्ञांनी १७२८ मध्ये गव्हाचं पीठ पाण्याखाली धुऊन हाच चिकट भाग वेगळा काढून दाखवला. कुरडईवाल्या आज्यांना यात फार नवल वाटलं नसतं.

पीठ ओलं झालं की गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं. तिंबल्यावर ते जाळं ताणलं जातं, घट्ट होतं. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकला की पीठ वर येतं. म्हणून ब्रेड बसला तर पहिला प्रश्न हा की हवाच कमी पडली, की हवा झाली पण फुगा फुटला? मेमधल्या वरच्या किश्श्यात फुगा फुटला. जानेवारीत हवाच तयार झाली नाही. लक्षणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

परभणीचं हवामान आणि दीड तासाचं गणित

परभणीचं तापमान बातम्यांत वर्षातून दोनदा येतं. एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात, जेव्हा कृषी विद्यापीठाच्या आवारातला पारा एक आकडी होतो. एकाच गावात वर्षभरात एवढा फरक पडत असेल, तर एकच 'दीड तास' बाराही महिने कसा चालेल?

ढोबळ नियम असा की तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. २४ अंशांना जे पीठ दीड तासात दुप्पट फुगतं, ते ३८ अंशांच्या स्वयंपाकघरात अर्ध्या-पाऊण तासातच तिथे पोचतं. पुढचा पाऊण तास ते नुसतं ताणलं जातं, आंबतं, जाळं सैल पडतं आणि शेवटी सगळं खाली बसतं. वास ताडीसारखा येतो कारण तिथे तेच चाललेलं असतं.

यावर बेकरीवाल्यांचं एक सोपं गणित आहे. मळलेलं पीठ साधारण २६ अंशांवर असावं, असं धरायचं. २६ ला ३ ने गुणलं की ७८. त्यातून खोलीचं तापमान आणि पिठाचं तापमान वजा करायचं. जे उरतं ते पाण्याचं तापमान.

परभणीच्या मेमध्ये खोली ३८, पीठही ३८. दोन्ही मिळून ७६. उरले २ अंश. म्हणजे माठातलं पाणीही चालणार नाही, बर्फ घातलेलंच पाणी लागेल. रेसिपीत 'कोमट पाणी घ्या' लिहिलेलं असतं आणि आपण भर उन्हाळ्यात इमानेइतबारे पाणी कोमट करत बसतो, गडबड तिथेच होते. गिरणीतून नुकतंच आणलेलं पीठ असेल तर ते आणखी गरम असतं, ते आधी गार होऊ द्यायचं.

जानेवारीच्या सकाळी खोली १७, पीठ १७. बेरीज ३४, उरले ४४. हे पाणी हाताला चांगलं गरम लागतं. त्यात यीस्ट थेट टाकण्यापेक्षा ते कोरड्या पिठात मिसळून मग पाणी घातलेलं बरं, कारण ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं आणि थर्मामीटर नसेल तर अंदाज चुकायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात यीस्टही निम्मं करायचं. शक्य असेल तर पीठ पहाटे मळायचं. त्याहून सोपं म्हणजे रात्री मळून अर्धा तास बाहेर ठेवून मग झाकून फ्रिजमध्ये टाकायचं. चार-पाच अंशांत यीस्ट झोपत नाही, फक्त सावकाश चालतं. सकाळपर्यंत पीठ फुगलेलं असतं आणि चवही चांगली येते. रात्री लाइट किती तास जाते यावर हा बेत अवलंबून आहे, हे परभणीकरांना सांगायला नको. हिवाळ्यात इडलीच्या पिठाला जी सोय करतो तीच इथे करायची. बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याची वाटी ठेवायची आणि शेजारी पिठाचं भांडं.

पण खरा उपाय घड्याळ बाजूला ठेवण्याचा आहे. पीठ पारदर्शक बरणीत ठेवा, जिथपर्यंत आहे तिथे बाहेरून रबरबँड लावा. दुप्पट झालं की झालं, मग चाळीस मिनिटं लागोत की तीन तास. टिनमध्ये दुसऱ्यांदा फुगवताना बोटाची परीक्षा घ्यायची. ओलं बोट हलकेच दाबा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धा भरला तर ओव्हनमध्ये घाला. भरलाच नाही तर उशीर झालाय. तरी पीठ फेकायचं नाही. पुन्हा हलकं मळून, आकार देऊन थोडा वेळ फुगवलं तर बऱ्याचदा ब्रेड वाचतो, आणि अगदीच गेलं असेल तर लाटून तव्यावर नान करायचे.

यीस्टवर संशय असेलच, तर चमचाभर यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबा. फेस आला म्हणजे ते जिवंत आहे. उघडलेलं पाकीट फ्रीजरमध्ये घट्ट बंद डब्यात ठेवायचं, मसाल्याच्या मांडणीवर नाही.

डब्यातलं पीठ आणि व्हिडिओतलं पीठ

परदेशी रेसिपीत 'ब्रेड फ्लार' असतं. ते जास्त प्रथिनांच्या गव्हाचं असतं, १२-१३ टक्के. आपला साधा मैदा त्याच्यापेक्षा थोडा मवाळ असतो. मग गव्हाचं पीठ का नाही? त्यात तर प्रथिनं भरपूर असतात. असतात, पण सोबत कोंडाही असतो. कोंड्याचे बारीक तुकडे ताणलेल्या जाळ्यात सुयांसारखे घुसतात आणि पाणीही पितात. म्हणून मैद्याला जिथे १०० ग्रॅमला ६०-६५ मिली पाणी पुरतं, तिथे गिरणीच्या पिठाला ७५-८० लागतं. पोळीच्या कणकेसारखं घट्ट मळलेलं गव्हाचं पीठ ब्रेडसाठी हमखास कमी पाण्याचं असतं. हाताला चिकटलं की आपण भुकटी लावतो आणि ब्रेडची वीट होते. चिकटू द्या, हाताला तेल लावा.

गव्हाच्या जातीनेही फरक पडतो. बाजारात ज्याला लोकवन म्हणतात ते मूळ 'लोक-१', गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं वाण. पोळीला उत्तम आणि ब्रेडलाही चालणारं. बन्सी आणि खपली यांची गोष्ट वेगळी आहे. बन्सी कडक, शेवया-रव्याच्या कुळातला, त्याचं जाळं ताठ असतं आणि फारसं ताणलं जात नाही. खपलीचं जाळं कमजोर. 'हेल्दी' म्हणून नुसत्या खपलीचा ब्रेड करणाऱ्यांनी तो पसरट होणार हे धरून चालावं. खीर आणि पुरणपोळीत खपलीला तोड नाही, पण प्रत्येक गव्हाने सगळं करावं ही अपेक्षा कशाला?

मळण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे. पोळीची कणीक आपण भिजवून अर्धा तास मुरायला ठेवतो. ब्रेडलाही तेच करायचं. पीठ आणि पाणी कालवून, यीस्ट-मीठ न घालता अर्धा तास झाकून ठेवा. जाळं निम्मं तर आपोआप तयार होतं. फ्रान्समध्ये रेमोँ काल्व्हेल नावाच्या बेकिंगच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिला 'ऑटोलिझ' असं भारी नाव मिळालं. आपल्याकडे ती मुरणंच राहिली.

मग यीस्ट आणि मीठ घालून दहा मिनिटं तिंबा. झालं की नाही हे कसं कळणार? लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणा. न फाटता पातळ पडदा आला आणि पलीकडचा उजेड दिसला की झालं. खापरावरचे मांडे करणाऱ्या बायका कणीक हातावर पसरवत नेतात, तीच ही परीक्षा.

बेकरीचा ब्रेड मग इतका हलका कसा?

यंत्राने जोरात मळणं, मोजून ठेवलेलं तापमान आणि पीठ सुधारणारी द्रव्यं, या तिन्हींमुळे. यातलंच एक पोटॅशियम ब्रोमेट. ते जाळं बळकट करतं, पण कर्करोगाच्या संशयामुळे अनेक देशांनी त्यावर बंदी घातली होती. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड, पाव, बनचे ३८ नमुने तपासले, तेव्हा ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. महिनाभरातच, जून २०१६ मध्ये, भारतात ब्रोमेटवर बंदी आली. त्यामुळे घरचा ब्रेड बेकरीच्या ब्रेडएवढा कापसासारखा झाला नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मऊपणा आणायचा असेल तर त्याची युक्ती आपल्याच घरात आहे.

भाकरीची उकड आणि जपानचा ब्रेड

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरते, कडा फुटतात. मग मराठवाड्यातली कुठलीही बाई काय करते? पाणी उकळून पिठावर ओतते, उकड काढते, कोमट असताना मळते आणि भाकरी गोल येते.

यात घडतं असं की गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि खळीसारखा चिकट होतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून हा चिकटपणाच भाकरीला बांधून ठेवतो.

जपानमध्ये मैद्यावर उकळतं पाणी ओतून केलेल्या अशाच उकडीला 'युदाने' म्हणतात. चीन-तैवानकडे पीठ आणि पाणी मंद आचेवर ६५ अंशांपर्यंत शिजवून खळ करतात, ती 'तांगझाँग'. तैवानच्या इव्हॉन चेन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली आणि आज इन्स्टाग्रामवर जो ब्रेड कापसासारखा ओढून दाखवतात, त्यात बहुतेक वेळा हीच असते. अशा ब्रेडमध्ये जास्त पाणी मावतं, म्हणून तो मऊ होतो आणि दोन-तीन दिवस मऊ राहतो. एका ब्रेडला दोन मोठे चमचे मैदा आणि त्याच्या पाचपट पाणी शिजवून, गार करून पिठात घातलं तरी फरक कळतो.

मग ज्वारीचाच ब्रेड का नाही?

परभणीत हा प्रश्न येणारच. इथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची आणि अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ चं. परभणी मोती, परभणी ज्योती ही ज्वारीची वाणं याच विद्यापीठाची. २०१८ मध्ये इक्रिसॅटसोबत आलेली 'परभणी शक्ती' तर लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी म्हणून ओळखली जाते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून ज्वारी-बाजरीच्या ब्रेडचे व्हिडिओ धडाधड यायला लागले.

त्यातले बरेच फसवे आहेत. कुरडईसारखंच ज्वारीचं पीठ धुऊन पाहिलं तर हातात रबर उरत नाही, सगळं पाण्यात वाहून जातं. म्हणजे यीस्ट कितीही घाला, हवा तयार होईल आणि निघून जाईल. नुसत्या ज्वारीचा ब्रेड फुगवायचा तर फुगा बाहेरून आणावा लागतो. घरगुती पर्याय म्हणजे इसबगोल. त्याचा भुसा पाण्यात जेलसारखा होतो आणि वायू बऱ्यापैकी धरतो. ४०० ग्रॅम पिठाला साधारण २० ग्रॅम. असा ब्रेड बरा होतो, पण त्याच्याकडून पावाची लुसलुशीत जाळी मागू नये.

रोजच्यासाठी मधला मार्ग उत्तम आहे, एक हिस्सा ज्वारी आणि तीन हिस्से मैदा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर २०० मिली उकळतं पाणी ओतून उकड काढायची आणि पूर्ण गार करायची. उन्हाळ्यात सरळ फ्रिजमध्ये ठेवायची. त्यात ३०० ग्रॅम मैदा आणि १०० मिलीच्या आसपास पाणी घालून कालवायचं, अर्धा तास मुरू द्यायचं. मग ८ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे तेल आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालायचं. मेमध्ये यीस्ट २ ग्रॅम. पाणी एकदम ओतू नका, ज्वारीचं पीठ किती जुनं आहे त्यावर ते कमी-जास्त लागतं. ज्वारी तीन हिश्शांत एकाच्या वर नेली की ब्रेड उंचीला कमी होत जातो, याला इलाज नाही.

ज्यांना डॉक्टरांनी सीलिअक आजार सांगितलाय, म्हणजे ज्यांना ग्लुटेन चालतच नाही, त्यांच्यासाठी मात्र हा ब्रेड नाही. 'ज्वारीचा' असं लेबल पाहून पाहुण्याला तो वाढू नका. त्यात तीन हिस्से गहूच आहे. आणि इसबगोलचा ब्रेड करतानाही ज्वारी गव्हाच्याच गिरणीत दळून आणली असेल, तर तीही त्यांना चालणार नाही.

ओव्हनमधली शेवटची दहा मिनिटं

ओटीजी किमान पंधरा मिनिटं आधी २०० अंशांवर तापलेला हवा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेलं पीठ भाजण्याआधीच जास्त फुगतं आणि बसतं. तळाशी वाटीभर गरम पाणी ठेवलं तर वाफेमुळे वरची कातडी लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला शेवटची उंची घेता येते. एवढ्या पिठाला ३० ते ३५ मिनिटं. ओव्हन नसेल तर मीठ पसरलेल्या जाड कढईत, झाकण लावून, पण मग मोठा ब्रेड न करता छोटे पाव करा. कढईत उष्णता खालून येते, मोठा ब्रेड मधून कच्चा राहतो.

बाहेर काढल्यावर तळावर टिचकी मारून पोकळ आवाज येतो का पाहा, आणि मग तासभर हात लावू नका. आतला स्टार्च अजून बसत असतो. गरम कापलेला ब्रेड आत गच्च, चिकट लागतो आणि आपण म्हणतो कच्चा राहिला. उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तिथल्या थंडीत तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कोरडा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर आधीच कापून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तसा स्लाइस थेट तव्यावर भाजा.